घर कोणाला द्यायचं, यात सरकारने पडावं का?

घोडबंदरकर

घोडबंदर रोडला आमचा एक वन बीएचके आहे. आईबाबांसाठी घेतला होता. आता ते माझ्याकडेच असतात, म्हणून भाड्याने देतो. मे महिन्यात एजंट एक जोडपं घेऊन आला. नवरा वागळे इस्टेटला कामाला, बायको शिक्षिका, सहा वर्षांची मुलगी. मुलगी थेट बाल्कनीत गेली आणि ओरडली, "इथून बस दिसते!" माणसं आवडली, डिपॉझिट ठरलं. रात्री सेक्रेटरींचा फोन. "आडनाव बघितलंत ना? आपल्या विंगमध्ये तसं कोणी नाहीये अजून. नियम वगैरे काही नाही हो, पण कमिटीचं आपलं मत आहे."

दुसऱ्या दिवशी मी एजंटला सांगितलं, भाऊ गावाहून येतोय, फ्लॅट लागणार आहे. मला भाऊ नाही.

त्याच आठवड्यात मावसबहिणीने कॅलिफोर्नियात घर घेतलं. घर १९४०च्या दशकातलं. कागदांच्या गठ्ठ्यात त्या वसाहतीची जुनी अट निघाली: गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहू नये, घरकामाचे नोकर सोडून. तिने मला फोटो पाठवला. वरच्या पानावर सूचना होती की आतल्या कागदांत वंश, धर्म वगैरेंवरून काही बंधन असेल तर ते बेकायदा आहे, रद्द समजावं. म्हणजे अट छापलेली तशीच, आणि ती मेल्याचा दाखलाही सोबत.

मग वाचत गेलो. ही अट नुसत्या शेजाऱ्यांच्या डोक्यातून आलेली नव्हती. १९३४ साली रूझवेल्टच्या काळात फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन निघालं, गृहकर्जाला सरकारी हमी देणारं. अशा अटी असाव्यात अशी शिफारस त्यांच्याच नियमपुस्तकात होती. सरकारने काढून घेतलेल्या नकाशांत काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगवलेल्या असत, आणि लाल म्हणजे कर्ज धोक्याचं. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्ट अमलात आणणार नाही. तरी घर देताना-विकताना भेदभाव करायला बंदी यायला १९६८ उजाडलं. विधेयक रखडलं होतं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली, शहरं पेटली, आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने फेअर हाउसिंग ॲक्टवर सही केली.

माझं मत: भेदभाव सरकारी धोरणाने पक्का होतो, आणि तो सुटतोही सरकारी धोरणानेच. आपल्याकडे माझ्यासारख्याला "कायद्याने नाही म्हणता येत नाही हो" असं सेक्रेटरींना सांगायची सोय तरी हवी होती.

पामबीचवाला

सहमत नाही. तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय. लाल रंग कोणी लावला? सरकारने. आणि आता त्याच सरकारच्या हातात आणखी एक पेन्सिल द्यायची?

घर माझं, ईएमआय माझा. भाडेकरू निघाला नाही तर कोर्टाच्या पायऱ्या मी झिजवायच्या. मग आत कोण येणार हे मी का ठरवू नये? वाशीत माझी दोन घरं भाड्याने आहेत, त्यातल्या एकात केरळचं ख्रिश्चन कुटुंब आठ वर्षं राहतंय. कुठल्या कायद्याने सांगितलं नव्हतं. माणसं बघितली आणि दिलं. कायदा आला की लोक खरं कारण सांगायचं बंद करतात, बस. "भाऊ येतोय" म्हणतात.

नेरुळ ए टाईप

पामबीचवाले, शेवटचं वाक्य कडक. पण माझा अनुभव ऐका.

आम्ही नेरुळला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये वाढलो. लिफ्ट नाही, चार मजले, पावसाळ्यात भिंतीला बुरशी. घरं सोडतीत लागलेली. अर्जात प्रवर्ग होते: अनुसूचित जाती, जमाती, माथाडी, पत्रकार, अपंग, सरकारी नोकर. शेजारी कोण येणार ते चिठ्ठीने ठरवलं. आमच्या मजल्यावर एक माथाडी कामगार, एक मंत्रालयातले क्लार्क, एक नवबौद्ध शिक्षक आणि आम्ही देशस्थ. आईने पहिली दोन वर्षं समोरच्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही. मग माझ्या बहिणीला टायफॉइड झाला, तेव्हा समोरच्या काकू रोज पेज आणून द्यायच्या. आईचं मन तेव्हा वितळलं असं म्हणणार नाही, पण डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे तिला पाळावंच लागलं.

त्या बिल्डिंगमध्ये कोणाला कोणाचं आडनाव विचारून नाकारता आलं असतं, तर आम्ही चौघे एका मजल्यावर आलो असतो का? सरकार इथे पोलीस नव्हतं, बिल्डर होतं. मला तो मार्ग बरा वाटतो.

पामबीचवाला

आणि त्याच बिल्डिंगमधली घरं आता विकली जातात तेव्हा एजंट आडनाव विचारतो की नाही?

नेरुळ ए टाईप

विचारतो. 😐

कायद्याचं बोला

ठाण्यात वकिली करतो, म्हणून थोडं मुद्द्याचं. आपल्या घटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांबद्दल स्पष्ट बोलतं. खासगी घरमालकाचा त्यात उल्लेख नाही. कलम १७ अस्पृश्यता बंद करतं. "अजून कोणी नाहीये तसं" या वाक्यावर ते लावायला घ्या, घाम फुटेल.

सहकारी सोसायटीत सभासद व्हायचं असेल तर महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्यात कलम २३ आहे: पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. पण भाडेकरू सभासद नसतो. त्यात २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सभासदत्व फक्त पारशांना, हा उपविधी (सोसायटीचा नियम) चालेल. दोन देशांची वाट इथे फुटते. तिकडे खासगी कराराला सरकारी ताकद मिळणार नाही असं कोर्टाने १९४८ मध्येच म्हटलं. इकडे संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचं पारडं जड ठरलं.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. कमिटीने लेखी काही दिलं का?

एडिसनहून

मूळ नौपाडा, आता वीस वर्षं न्यू जर्सी. इथला कायदा कागदावर छान आहे, पण त्याला दात यायला वीस वर्षं लागली हे कोणी सांगत नाही. १९६८च्या कायद्यात गृहनिर्माण खातं फक्त समेट घडवू शकत होतं, दंड वगैरे नाही. दात आले १९८८च्या दुरुस्तीने, आणि त्यावर सही कोणाची? रेगनची. ज्याला नागरी हक्कांचा मित्र कोणी म्हणत नाही.

अजून एक गंमत. १९७३ साली निक्सनच्या न्याय खात्याने न्यूयॉर्कच्या एका बिल्डर बापलेकांवर काळ्या भाडेकरूंना घरं नाकारल्याचा खटला भरला. १९७५ साली चूक कबूल न करता त्यांनी तडजोड केली. त्यातला लेक म्हणजे डोनाल्ड ट्रम्प. आणि तोच निक्सन आपल्या गृहनिर्माणमंत्री रॉम्नींची गोऱ्या उपनगरांत मिश्र वस्ती आणायची योजना दाबून टाकतो. म्हणून "अमुक पक्ष आला की हक्क वाढतात" असं सरळ गणित नाही. कायदा संसदेचा असेल तर टिकतो. नुसता प्रशासनाचा नियम असेल तर झोपाळ्यासारखा हेलकावे खातो. पालिकांनी आपल्या हद्दीतली वांशिक फाळणी तपासावी, हा नियम ओबामांनी २०१५ मध्ये आणला, ट्रम्पनी २०२० मध्ये काढला, बायडननी २०२१ मध्ये अर्धामुर्धा परत आणला, २०२५ मध्ये पुन्हा गेला. दहा वर्षांत चार वेळा. पालिकेतल्या बिचाऱ्या क्लार्कने कुठली फाईल उघडायची?

पामबीचवाले म्हणतात तसं लोक खरं कारण लपवतातच. त्यावर इथे उपाय आहे. एक गोरा आणि एक काळा माणूस, दोघांचा पगार सारखा, एकाच घराची चौकशी करायला पाठवायचे. एकाला "कालच गेलं हो", दुसऱ्याला चावी. अशा चाचणी करणाऱ्यालाही दावा लावता येतो, असं सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये मान्य केलं. तुमचा "भाऊ" इथे एका दिवसात पकडला असता.

अवांतर: आमच्या टाऊनशिपमध्ये कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांचा प्रस्ताव आला की सभेत सगळ्यात मोठ्याने विरोध आपलेच देशी करतात. "शाळांचा दर्जा जाईल." मी स्वतः एकदा त्या रांगेत उभा होतो.

आधुनिक चाणक्य

अमेरिकेतला वंशभेद आणि आपल्याकडचं आडनाव यांची तुलनाच चूक आहे. तिकडे गुलामगिरी होती. आपण कोणाला गुलाम केलं नाही.

तलावपाळी

चाणक्य, जरा १९२३ सालचा भगतसिंग थिंड यांचा खटला वाचा. (क्रांतिकारक भगतसिंग नव्हे.) बाहेरून आलेल्याला अमेरिकेचं नागरिकत्व तेव्हा "गोरा" किंवा आफ्रिकी वंशाचा असेल तरच मिळायचं. थिंड यांचा युक्तिवाद काय होता? आम्ही उच्चवर्णीय हिंदू, आर्य वंशाचे, म्हणून गोरेच. सुप्रीम कोर्टाने धुडकावला. जात घेऊन तिकडच्या दारात गेलो आणि वंशाने बाहेर काढलं. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांचंही ते काढून घेतलं गेलं. दार परत किलकिलं झालं १९४६ साली, वर्षाला १०० जणांपुरतं, आणि खरं उघडलं ते १९६५च्या कायद्याने. नागरी हक्कांची चळवळ झाली नसती तर एडिसनहून कोणी इथे लिहायला नसतं.

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्हींमधलं साम्य दाखवलं होतं. ते कोलंबियात शिकलेले, तुलना उगाच करणारे नव्हेत.

आणि २०२३ मध्ये मुलुंडला मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला, तेव्हा "घर माझं, मर्जी माझी" म्हणणारे कुठे होते? सगळे एकजात खवळलो होतो. मीसुद्धा.

पामबीचवाला

मुलुंडचा मुद्दा लागला. मान्य, तेव्हा मीही स्टेटस टाकलं होतं.

पण कायदा कुठवर न्यायचा ते सांगा. अमेरिकेच्या कायद्यातही मालक स्वतः राहत असेल आणि चारपर्यंत घरांची इमारत असेल तर सूट आहे. म्हणजे त्यांनाही कळतं की जेवणाच्या वासापासून जिन्यापर्यंत सगळं वाटून घ्यायचं असेल तिथे सरकारने नाक खुपसू नये. सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींत वंशवार कोटा ठेवलाय. मिश्र वस्ती झाली, मान्य. पण बहुसंख्य चिनी समाजाचा कोटा भरला की अल्पसंख्याकाला घर विकायला गिऱ्हाईकही चिनी सोडून शोधावं लागतं, मग भाव पडतो. भरपाई कोण देतं? माझा विरोध माणसांना नाही, फॉर्मला आहे.

कायद्याचं बोला

तो फॉर्म आजही आहे, साहेब. फक्त एजंट तोंडी भरून घेतो. धागाकर्ते, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

घोडबंदरकर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एडिसनहून, तो "भाऊ" मलाही झोपू देत नाहीये.

वकीलसाहेब, तुमच्या प्रश्नावरून शनिवारी सेक्रेटरींना ईमेल केला: कमिटीचं मत लेखी द्यावं, कोणत्या उपविधीनुसार तेही. उत्तर ईमेलने आलं नाही, फोन आला. "साहेब, तोंडी सांगितलंय ना, कागद कशाला वाढवता?" मी म्हटलं, मग मी पुढच्याला होकार देतोय. ते गप्प राहिले आणि म्हणाले, "एजीएम आहे रविवारी, विषय काढा."

एजंटला त्या जोडप्याबद्दल विचारलं. त्यांनी मुंब्र्याजवळ कौशाला घेतलं भाड्याने. तिथून मुलीला बस दिसते का, ते त्याला माहीत नव्हतं.

पामबीचवाला

फ्लॅट रिकामा किती दिवस?

घोडबंदरकर

दोन महिने. मेंटेनन्स चालू आहे.