अणुवीज केंद्राचे ‘डीकमिशनिंग’ आणि त्याचा निधी: मराठीत काय म्हणावे?

अनुवादिनी
तारापूर परिसरातील वाचकांसाठी एक माहितीपुस्तिका मी मराठीत आणते आहे. कायमच्या बंद झालेल्या अणुभट्टीतले इंधन काढणे, किरणोत्सारी भाग उतरवणे, इमारती पाडणे आणि जागा पुन्हा वापरण्याजोगी करणे या साऱ्याला इंग्रजीत ‘डीकमिशनिंग’ हा एकच शब्द पुरतो. त्याच्या खर्चाचा अंदाज आणि त्यासाठीचा निधी हाच पुस्तिकेचा गाभा आहे. मी ‘केंद्र मोडीत काढणे’ असे लिहिले होते. संपादकांना ती भंगाराच्या धंद्यातील भाषा वाटली, म्हणून त्यांनी तिथे ‘निष्कार्यान्वयन’ घातले. अणुविजेच्या दरात याच कामासाठी प्रत्येक युनिटमागे २ पैसे धरलेले असतात. आपण पैसे कशासाठी देतो, हे वाचकाला न अडखळता कळावे असा शब्द मला हवा आहे.

निवृत्त लेखापाल
संपादकांचा शब्द मलाही नको, पण ‘मोडीत काढणे’ याला माझा वेगळ्या कारणाने विरोध आहे. जुना दागिना मोडीत घातला की सोनार तो तोलून पैसे देतो. मोडीत काही ना काही हाती येते, असे आपली भाषा गृहीत धरते. इथे हाती काहीच येत नाही, उलट वीज विकणे थांबल्यावर खर्चाला सुरुवात होते. जिल्हा परिषदेत मोडकळीस आलेली शाळा पाडण्याआधी ‘निर्लेखनाचा’, म्हणजे ती मालमत्ता नोंदवहीतून वगळण्याचा, प्रस्ताव मंजूर करून घ्यावा लागतो. हा शब्द गावोगावच्या ग्रामसेवकांना आणि शिक्षकांना ठाऊक आहे, म्हणून ‘निर्लेखन’ घ्यावे.

पालघरकर
लेखापाल साहेब, निर्लेखन ही कागदावरची क्रिया आहे. ठराव झाला तरी इमारत दोन-दोन पावसाळे तशीच उभी असते, हे आम्ही पाहिले आहे. किरणोत्सारी वस्तू नोंदवहीतून वगळल्याने नाहीशी होत नाही. अनुवादिनीताई, निव्वळ ‘बंद करणे’ हेही लिहू नका. तारापूरचे १९६९ साली सुरू झालेले पहिले दोन संच २०२० पासून बराच काळ नूतनीकरणासाठी बंद राहिले. त्या बंद राहण्याचा आणि तुमच्या पुस्तिकेतल्या बंद होण्याचा काही संबंध नाही, पण आमच्याकडे लोक दोन्हींना ‘बंद’च म्हणतील.

दर्यावर्दी
मूळ शब्द नौदलात रुळलेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ मोडणे असा कधीच नव्हता. पहिली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली, पुढे अनेक वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि जहाजे तोडतात त्या मुंबईतल्या दारूखाना भागात ती प्रत्यक्ष तोडली गेली २०१४ साली. निवृत्ती आणि तोडणी या दोन घटना आहेत, त्यांच्यात सतरा वर्षांचे अंतर आहे. अणुकेंद्रालाही ‘सेवानिवृत्ती’ शोभेल.

पालघरकर
सेवानिवृत्तीनंतर माणसाला निवृत्तिवेतन मिळते. इथे केंद्रावर पहारा, देखभाल आणि इंधनाची राखण यांचा खर्च चालू राहतो. इतका सौम्य शब्द वापरल्याने तो खर्च वाचकाच्या नजरेआड होईल, म्हणून मला तो मान्य नाही.

म्युनिकवासी
जर्मन भाषेत या कामाची वेगवेगळी नावे आहेत. ‘श्टिललेगुंग’ म्हणजे कायमचे थांबवणे, ‘र्‍युकबाऊ’ म्हणजे बांधले ते उलट क्रमाने उतरवणे आणि ‘एन्टझोर्गुंग’ म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट. हा फरक केवळ कोशातला नाही. २०१७ साली वीज कंपन्यांनी सुमारे २४.१ अब्ज युरो एका सार्वजनिक निधीत भरले आणि कचरा साठवण्याची आर्थिक जबाबदारी राज्याकडे गेली. मात्र केंद्रे उतरवण्याचा खर्च कंपन्यांच्याच माथी राहिला. कोणते काम कोणत्या शब्दाखाली येते, यावरून ते पैसे कोणी द्यायचे हे ठरले. म्हणून अनुवादिनी, एकच मराठी शब्द शोधण्याऐवजी मूळ मजकुरात त्या त्या ठिकाणी कोणते काम अभिप्रेत आहे, ते आधी पाहावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

निवृत्त लेखापाल
हा मुद्दा मोलाचा आहे आणि अमेरिकेतही तोच दिसतो. तिथल्या नियामक आयोगाच्या नियमात ‘डीकमिशनिंग’ म्हणजे परवाना संपवता येईल इतपत किरणोत्सार कमी करणे, एवढेच. वापरलेले इंधन सांभाळणे आणि किरणोत्सार नसलेल्या इमारती पाडणे हे खर्च आयोगाने ठरवलेल्या किमान निधीत धरलेले नसतात. मेन राज्यातील मेन यांकी केंद्राचे ‘डीकमिशनिंग’ २००५ साली पूर्ण झाले, तरी तेथील वापरलेले इंधन पिंपांत भरून त्याच जागेवर ठेवलेले आहे आणि त्याची राखण चालूच आहे. आता सांगा, त्या केंद्राचा खर्च ‘पूर्ण झाला’ असे मराठीत कसे लिहायचे?

सहकार अभ्यासक
सहकारी साखर कारखाने ‘अवसायनात’ निघतात, अवसायक नेमला जातो आणि देणी भागवली जातात, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. काम संपले तरी देणे संपलेले नाही, हा अर्थ या शब्दात आहे. ‘अव’ आणि संपवणे या अर्थाचा ‘सो’ धातू यांपासून तो बनला आहे. ‘अवसान’ त्याचाच भाऊ.

पालघरकर
मराठीत ‘अवसान’ म्हणजे बळ, धीर. आमच्याकडे ‘अवसान गळाले’ म्हणतात. धातुपाठातला अर्थ वाचकाच्या डोक्यात नसतो. शिवाय अवसायनात मालमत्ता विकून देणेकऱ्यांना पैसे देतात. इथे विकण्याजोगी मालमत्ता कोणती आहे?

सहकार अभ्यासक
बोलीतला अर्थ बदलला म्हणून संस्कृत अर्थ बाद होत नाही. सहकार कायद्यात ‘अवसायन’ आजही रोज वापरले जाते. मालमत्ता नसेल, म्हणूनच निधी आधीपासून हवा. २२० मेगावॉटचा संच ८० टक्के क्षमतेने वर्षभर चालला तर सुमारे १५४ कोटी युनिट वीज होते. २ पैशांनी त्याचे वर्षाला जेमतेम ३ कोटी रुपये जमतात. हे पुरतील याची खातरजमा करण्यात अणुऊर्जा नियामक मंडळाला काही भूमिकाच नाही, असे कॅगच्या २०१२ च्या अहवालात म्हटले होते. अशा वेळी देण्याची आठवण करून देणारा शब्द कठोर असलेलाच बरा.

अनुवादिनी
३ कोटींचा हिशेब मी पुस्तिकेत जरूर घेईन. पण त्यालाच लागून पुढची अडचण येते. साठ वर्षांनी करायच्या खर्चाची आजची किंमत काढतात, त्या दराला मी ‘सूट दर’ लिहिले आहे. ते बरोबर आहे का?

निवृत्त लेखापाल
‘सूट’ दुकानात मिळते. हुंडी मुदतीआधी वटवताना जे कापतात तो ‘वटाव’, म्हणून ‘वटाव दर’ लिहावे. साठ वर्षांनी लागणारे १०० कोटी रुपये ३ टक्के दराने आज १७ कोटी भासतात आणि १ टक्क्याने ५५ कोटी. निधी पुरेसा आहे की नाही, हे दर निवडणाऱ्याच्या हाती असते. त्यामुळे या शब्दाबाबत ढिलाई नको.

दर्यावर्दी
हुंडी पाहिलेला वाचक आता उरलेला नाही. बँकेतले तरुण कर्मचारीसुद्धा ‘डिस्काउंट रेट’च म्हणतात, तोच देवनागरीत लिहावा.

म्युनिकवासी
ब्रिटनमध्ये जुन्या अणुकेंद्रांच्या देण्याची आजची किंमत काढताना काही वर्षे सरकारने ठरवून दिलेला दर महागाई वजा जाता शून्याच्या खाली होता, त्यामुळे ती किंमत आजच्या भावाने लागणाऱ्या रकमेपेक्षा मोठी निघत असे. ‘सूट’ असो वा ‘वटाव’, दोन्हींत रक्कम घटते हे गृहीत आहे. रक्कम वाढवणाऱ्या वटावाला लेखापाल साहेब काय म्हणतील, ते मला जाणून घ्यायचे आहे.