दोर बांधलेली प्रेते : ते पोस्टकार्ड दाखवावे की नाही?

धागाकर्ता : अमेरिकेतील टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरील रिओ ग्रांडे नदीकाठच्या कॅमेरॉन काउंटीतील ब्राउन्सव्हिल गावी रॉबर्ट रनियन हा छायाचित्रकार स्टुडिओ चालवत असे. ऑगस्ट 1915 मध्ये किंग रँच या मोठ्या गुरांच्या रँचच्या नोरियास ठाण्यावर सशस्त्र टोळीने हल्ला केला. त्यानंतर रनियनने घेतलेल्या छायाचित्रात टेक्सास रेंजर्स या राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाचा कॅप्टन मनरो फॉक्स आणि त्याचे सोबती घोड्यांवर बसलेले दिसतात, आणि त्यांच्या हातांतल्या दोरांची दुसरी टोके जमिनीवरच्या मेक्सिकन प्रेतांना बांधलेली आहेत. हे चित्र पोस्टकार्ड म्हणून विकले गेले. संग्रहालयांनी ते झाकून ठेवू नये, असे माझे मत आहे. त्या वर्षांत सीमेवर मेक्सिकन वंशाच्या शेकडो लोकांना खटल्याविना मारले गेले. 1919 मध्ये आमदार होसे कनालेस यांनी रेंजर्सवर 19 आरोप ठेवून विधिमंडळाला चौकशी करायला लावली. पण त्या साक्षींचे बाड कोण वाचत बसतो?

प्रतिसाद १ : असहमत. शिकाऱ्याने वाघावर पाय ठेवून काढून घेतलेल्या फोटोत वाघाचे काही नसते, असते ती शिकाऱ्याची ऐट. येथेही घोडेस्वार कॅमेऱ्यासाठी थांबले आहेत आणि मृतांना नावे नाहीत. शिवाय नोरियासचे मृत हे हल्लेखोर म्हणून दाखवलेले आहेत. निरपराध म्हणून मारल्या गेलेल्यांचा पुरावा म्हणून तेच चित्र लावणे इतिहासाच्या दृष्टीनेही ढिसाळ आहे. जानेवारी 1918 मध्ये टेक्सासमधल्याच पोर्वेनीर या वस्तीत रेंजर्स आणि त्यांच्या साथीदारांनी मारलेल्या 15 पुरुष व मुलांविषयी बोलायचे असेल, तर त्यांच्याविषयीच बोलावे.

प्रतिसाद २ : आपण दोघेही एकाच चित्रात अडकला आहात. रनियनची आठ हजारांहून अधिक छायाचित्रे ऑस्टिनच्या विद्यापीठात आहेत. त्यांत ब्राउन्सव्हिलचे रस्ते आहेत, शेते आहेत, नदीपलीकडच्या, मेक्सिकोतील माटामोरोसमधील क्रांतिकारक सैनिक आहेत. (रनियनची पत्नी त्याच माटामोरोसची होती, हेही विसरू नये.) मला तर शेतांची चित्रे अधिक बोलकी वाटतात. 1904 मध्ये रेल्वे आली, पाण्याचे कालवे निघाले, जमिनीचे भाव चढले आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळणाऱ्या टेहानो (टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या) कुटुंबांच्या हातून जमिनी निसटू लागल्या. ऐटीत उभे असलेले पीक पाहिल्यावर 1915 च्या हल्ल्यांमागचा राग कुठून आला, ते उमगते.

धागाकर्ता : ही शेती त्या पोस्टकार्डाशेजारी लावायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. प्रतिसाद १ यांचा हल्लेखोरांचा मुद्दाही मी मान्य करतो. परंतु चकमकीत पडलेल्या माणसाला नंतर दोराने बांधून फोटो काढण्याचे कारण चकमक हे नव्हे.

प्रतिसाद १ : मग पोस्टकार्डावरचा 'डाकू' हा शब्द ठेवणार की पुसणार?

धागाकर्ता : ठेवणार. विकणाऱ्याने तो शब्द लिहिला आणि घेणाऱ्याने तो वाचून पैसे दिले. पुसला, तर दोघेही सुटतात.

प्रतिसाद १ : आणि शाळेच्या सहलीला आलेले टेहानो पोर तो शब्द वाचेल, त्याचे काय?