दर उड्डाणाआधी कंपास फिरवायची सवय सोडा

तापीतीर (धुळे)

गेली दोन वर्षं धुळे-नंदुरबार भागातल्या बऱ्याच हौशी ड्रोनवाल्यांबरोबर उडवतोय. जवळपास सगळ्यांची एक सवय सारखी. गाडीतून उतरले, ड्रोन उघडला, की लगेच हातात धरून स्वतःभोवती गोल फिरायचं. आधी आडवा धरून, मग नाक खाली करून. यालाच ड्रोनमधल्या कंपासचं, म्हणजे होकायंत्राचं, कॅलिब्रेशन (नव्यानं जुळवणी) म्हणतात. स्क्रीनवर ‘यशस्वी’ आलं की मनाला शांतता. माझं म्हणणं असं की यानं सुरक्षितता वाढत नाही. नीट चाललेलं यंत्र बिघडवण्याची संधी आपण दर रविवारी स्वतःहून घेतो.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. साक्री तालुक्यात शेतांच्या मधूनच काळ्या दगडाच्या लांबच लांब धारा उभ्या आहेत, भिंत बांधल्यासारख्या. मित्रानं तिथंच माथ्यावर ड्रोन फिरवून घेतला. हाच ड्रोन आदल्या रविवारी नदीकाठी हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा होता. इथं वीस मीटर वर गेला आणि घिरट्या घालायला लागला. पहिली घिरटी दोन हातांची, मग चार, मग अंगणाएवढी. उपग्रह भरपूर दिसत होते. मित्रानं रिमोटच्या स्टिक सोडून दिल्या, कारण ‘सोडलं की थांबतो’ एवढंच आम्ही शिकलेलो. तो थांबेना. शेवटी उंची कमी करत पलीकडच्या उतारावर गवतात उतरवला. दोन पाती गेली. खाली गुराखी पोरं नव्हती म्हणून निभावलं, आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

असं का होतं? ड्रोन कुठं आहे हे जीपीएस सांगतो, पण नाक कुठल्या दिशेला आहे हे कंपास सांगतो. कंपास तीस-चाळीस अंश चुकला तर ‘मी पश्चिमेला सरकलो’ हे ड्रोनला कळतं, पण परत यायला तो तिरका निघतो. तिथून पुन्हा दुरुस्ती, तीही तिरकी. त्या तिरक्या दुरुस्त्यांची घिरटी होते. कॅलिब्रेशनमध्ये यंत्र आपल्याच अंगातल्या लोखंडाचा, मोटरींचा, स्क्रूंचा परिणाम मोजतं आणि पुढे तो वजा करतं. त्यासाठी भोवतीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं असावं लागतं. दगडाशेजारी ते हातभर अंतरावर बदलतं. मग दगडाची चूकही हिशेबात शिरते आणि तुम्ही गाव बदललं तरी बरोबर येते.

डीजेआय या ड्रोन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: ॲप सांगेल तेव्हा करा, ३० दिवसांहून जास्त उडवला नसेल किंवा आधीच्या जागेपासून ५० किलोमीटरपेक्षा लांब गेला असाल तर करा. दर वेळी करा असं लिहिलेलं नाही. कुठं करू नये ते मात्र लिहिलंय: गाड्या, पूल, सळयांचं काँक्रीट, लोहखनिजाचे दगड यांच्याजवळ. आपण नेमकं तिथंच करतो, कारण गाडीतून उतरल्याबरोबर करतो.

भुसावळी

तापीतीर भाऊ, मान ठेवून विरोध करतो. मी दर वेळी करतो आणि करत राहणार.

तुमची धुळ्याकडची मोकळी रानं वेगळी. आमच्याकडे रेल्वे जंक्शन, यार्ड, मालगाड्या, दीपनगरचं वीजकेंद्र, हायटेन्शनच्या तारा. माझा ड्रोन मोटरसायकलच्या डिक्कीत प्रवास करतो. सोबत पाना, पक्कड, स्पीकर, काय काय असतं. घरातून निघताना कंपास बरोबर होता म्हणून शेतात पोचल्यावरही बरोबर असेल, याची हमी तुम्ही देता का?

एकदा दिली होती अशी हमी, मीच मला. यावलकडे पाहुण्यांच्या केळीच्या बागेचं चित्रण करायचं होतं. घाईत न फिरवताच उडवला. बागेवर गेल्या गेल्या डावीकडे ओढायला लागला. केळीच्या पानांत ड्रोन शिरला की काय राहतं ते रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. पाहुण्यांसमोर मान खाली घालून दीड तास तुकडे वेचले. त्या दिवसापासून शपथ घेतली. दोन मिनिटांचं काम आहे. ट्रकवाला दर वेळी टायर ठोकून बघतोच ना?

काळी माती

भुसावळी दादांशी सहमत. नवीन माणसाला ‘गरज असेल तेव्हा करा’ सांगितलं की तो कधीच करत नाही. ठाम नियम असलेला बरा.

पिक्सहॉक शिरपूर

मी ड्रोन विकत घेत नाही, बांधतो. पिक्सहॉक हा उड्डाण सांभाळणारा बोर्ड आणि त्यावर चालणारं आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर. माझा विरोध दोघांनाही आहे.

आधी भुसावळी दादा. ट्रकवाला टायर ठोकून *बघतो*. दर फेरीला टायर काढून पुन्हा बसवत नाही. तपासणं आणि नव्यानं जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण सगळे ती एकच समजतो. तुमचा ड्रोन केळीत गेला तो कंपासमुळेच, हे यंत्रानं साठवलेल्या उड्डाणाच्या नोंदी उघडून बघितलंत का? वाराही असू शकतो. बागेवर पानांची सळसळ असली की जमीन बघून जागा धरणाऱ्या खालच्या कॅमेऱ्याचाही गोंधळ होतो.

आता तापीतीर भाऊ. तुमच्या साक्रीच्या गोष्टीत अर्धा दोष फिरवण्याचा, अर्धा जागेचा. त्या दगडावर कॅलिब्रेट न करता नुसता ठेवून सुरू केला असता तरी यंत्रानं सुरुवातीची दिशा दगडाजवळच्या वाकड्या क्षेत्रावरूनच घेतली असती. वर गेल्यावर क्षेत्र सरळ झालं की खाली घेतलेली दिशा आणि आता कंपास दाखवतो ती दिशा जुळत नाहीत आणि गडबड सुरू. म्हणून ‘कॅलिब्रेट करू नका’ एवढं सांगून भागत नाही, ‘तिथून उडवूच नका’ हे आधी सांगा.

आणि ते ५० किलोमीटर. आर्डूपायलटची कागदपत्रं सांगतात की नव्या जागी गेल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करायची गरज नाही, कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा त्यातच भरलेला आहे. धुळे ते जळगाव नव्वदेक किलोमीटर. एवढ्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक नावापुरता बदलतो. मी माझ्या यंत्राचं कॅलिब्रेशन बांधल्यावर एकदा करतो. मोटर, बॅटरीची जागा किंवा जीपीएसचा दांडा हलवला तर पुन्हा. माझ्याकडे खरा शत्रू बाहेर नसून तारांत असतो: थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरींचा जोर वाढवला, की बॅटरीच्या तारांतून मोठा प्रवाह जातो आणि त्याचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं. म्हणून कंपास दांड्यावर उंच बसवतात. हातात धरून कितीही फिरवा, तेव्हा मोटरी बंद असतात. ती चूक त्यात सापडणारच नाही.

भुसावळी

नोंदी बघितल्या नव्हत्या. तेवढं मान्य. पण तुमच्यासारखा बोर्ड उघडून बसणारा माणूस शंभरात एक. आमच्यासारख्यानं काय बघायचं?

भूगोलवाल्या ताई (नंदुरबार)

मी शाळेत भूगोल शिकवते, ड्रोन भाच्याचा. दगडाबद्दल बोलणं निघालं म्हणून लिहिते.

आपल्याकडचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट असतं. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीचं चुंबकत्व दगडात गोठून राहिलं. दख्खनच्या दगडाचा मोठा भाग उलट चुंबकत्वाचा आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. साक्री-नंदुरबार पट्ट्यातल्या त्या ‘भिंती’ म्हणजे भेगांत वर चढून थिजलेला लाव्हा. इंग्रजीत त्यांना डाइक म्हणतात आणि आपला भाग त्यासाठी भूवैज्ञानिकांत प्रसिद्ध आहे. उघड्या माथ्यांवर वीज पडते, तिथला दगड आणखी जोरात चुंबकित होतो. मुलांना मी दहा रुपयांचं होकायंत्र घेऊन अशा दगडावरून चालायला लावते. सुई दोन पावलांत इकडची तिकडे होते. कमरेच्या उंचीवर धरलं की पुष्कळ शांत होते, डोक्यावर धरलं की आणखी. दगडाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्यानं ओसरतो.

जागेचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण सांगते. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर ती मोजणी १९०४ साली अलिबागला नेली. तिथली इमारतही चुंबकीय वस्तू टाळून बांधली. ट्रामच्या प्रवाहात मोजलेला आकडा कितीही वेळा मोजला तरी निरुपयोगी, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ‘किती वेळा’ पेक्षा ‘कुठं’ हा प्रश्न मला मोठा वाटतो.

काळी माती

ताई, मग सौर वादळाचं काय? मे २०२४ मध्ये मोठं आलं होतं, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना कॅलिब्रेट करायला सांगितलं होतं.

भूगोलवाल्या ताई (नंदुरबार)

आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या (ते मोजायचं एकक) वर. तसल्या मोठ्या वादळातही आपल्या अक्षांशावर फरक काही शे नॅनोटेस्लांचा. टक्क्याच्या आसपास. त्यानं ड्रोनचं नाक फिरत नाही. जीपीएस मात्र तेव्हा डळमळू शकतो, आणि कंपास फिरवून जीपीएस सुधारत नाही.

केळीबाग (रावेर)

तुमनं सगळासनं म्हननं खरं शे, पन उन्हाळाना इचार कोनी करस का?

प्रमाण मराठीत लिहितो. सगळे कंपासवर बोलताहेत, आयएमयूचं कॅलिब्रेशन वेगळं असतं हे कुणी लिहिलंच नाही. आयएमयू म्हणजे तोल आणि वळण मोजणारा भाग. तो सपाट जागेवर, स्थिर ठेवून, थंड यंत्रावर करायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि बऱ्याच छोट्या ड्रोनची मर्यादाच ४० अंश लिहिलेली असते. अशा उन्हात माझा पुतण्या जीपच्या बॉनेटवर ठेवून आयएमयू करत होता. बॉनेट तापलेलं, उताराचं आणि वर पोलादाचं. त्यानंतर ड्रोन हवेत कायम एका अंगाला कलंडलेला. आठ दिवस कंपास फिरवत बसला, फरक शून्य. शेवटी रात्री घरात फरशीवर, लेव्हल लावून, आयएमयू केला आणि सरळ झाला.

आता आयएमयू वर्षातून एक-दोनदा, आपटला तर, किंवा ॲपनं मागितलं तर. उन्हाळ्यात उडवतो सकाळी आठच्या आत.

तापीतीर (धुळे)

केळीबाग आप्पा, हे मी लिहायला हवं होतं. चुकलंच.

शिरपूरच्या भाऊंचं ‘तिथून उडवूच नका’ हेही पूर्ण मान्य. त्या मित्रानं न फिरवता उडवला असता तर सुरक्षित असता, असं माझ्या लिहिण्यातून वाटत असेल तर ते दुरुस्त करतो.

भुसावळी दादा, ‘आमच्यासारख्यानं काय बघायचं’ याचं माझं उत्तर. ड्रोन जमिनीवर ठेवला की ॲपमधला नकाशा उघडा. त्यावर ड्रोनचा बाण असतो. बाणाचं तोंड आणि ड्रोनचं खरं नाक एकाच दिशेला आहे का? रस्ता, बांध, कालवा, काहीतरी नकाशात दिसतंच, त्याच्याशी ताडा. मग दोन-तीन मीटर वर नेऊन अर्धा मिनिट स्टिकला हात न लावता उभा ठेवा. घिरटी धरली तर लगेच खाली. याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि ‘यशस्वी’ या अक्षरांपेक्षा याच्यावर माझा जास्त विश्वास आहे. काळी माती म्हणतात तसा ठाम नियम हवाच असेल तर हा घ्या: दर वेळी तपासा. जुळवा तेव्हाच, जेव्हा तपासणीत नापास होईल.

हे पोटतिडकीनं लिहितोय, कारण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन, किंवा हौसेसाठी २ किलोपर्यंतचा, उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे नव्या पोराला शिकवणारं कुणी नाही. तो जे बघतो तेच करतो, आणि बघतो आपल्याला.

भुसावळी

तीन आठवड्यांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो.

बाणाची तपासणी चार वेळा केली. तीनदा बाण बरोबर होता, आणि शपथ असूनही मी तीनही वेळा न फिरवता उडवला. हात थरथरत होते. काही झालं नाही, एका जागी उभा. चौथ्यांदा बोदवड रस्त्याला डिक्कीतून काढला तर बाण जवळपास चाळीस अंश तिरका. गाडीपासून, विजेच्या खांबापासून लांब गेलो, बंद करून पुन्हा सुरू केला. तरी तिरका. मोकळ्या रानात, मोबाइल आणि किल्ल्या खिशातून काढून फिरवला, मग सरळ आला. म्हणजे प्रवासात बिघडतो हे माझं म्हणणं खोटं नव्हतं.

पिक्सहॉक शिरपूर

खोटं नव्हतंच, दादा. पण त्या दिवशी डिक्कीत नवीन काय होतं?

भुसावळी

आता आठवून बघतोय. चुंबकवाला मोबाइल होल्डर. ड्रोनच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, अगदी खेटून.

पिक्सहॉक शिरपूर

तो होल्डर घेऊन या येत्या रविवारी, मुक्ताईनगरच्या अलीकडे मोकळं रान आहे तिथं, सकाळी सातला. तुमचा ड्रोन, माझा ड्रोन, होल्डर एकदा जवळ आणि एकदा दहा फुटांवर. नोंदी तिथंच उघडून बघू. ताई, तुमचं दहा रुपयांचं होकायंत्र भाच्याबरोबर पाठवाल का?

भूगोलवाल्या ताई (नंदुरबार)

मीच येते. दोन होकायंत्रं आणते, एक बिघडलं तर दुसरं असावं.