ट्युनिक आणि शेपटीवाला कोट वेगळे आहेत

इंग्रजांच्या पायदळाचा लाल कोट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होता असं काही जण म्हणतात, तसं नाहीये. आधीचा कोट पुढून कमरेपर्यंतच आखूड आणि मागे शेपट्या, त्याच्या जागी ट्युनिक, म्हणजे बिनशेपटीचा कोट, आलं १८५५ मध्ये, ते सगळीकडून मांड्यांपर्यंत खाली येतं, पहिल्या वर्षी बटणांच्या दोन रांगा आणि लगेच १८५६ ला एकच. आणि रंग म्हणाल तर साध्या शिपायाचा लाल मंजिष्ठेचा, जरा विटकरी, ऑफिसरांचा भडक शेंदरी आणि कापडही तलम. कॉलर-कफला रेजिमेंटचा ठरलेला रंग, पलटण ओळखायला त्याची मदत व्हायची, पण एकच रंग बऱ्याच रेजिमेंटना असायचा. ट्युनिकच्या पुढच्या काठावरची पांढरी पायपिंग, म्हणजे बारीक गोट, तर मला फार आवडते, किती बारीक काम आहे ते!

मागे १८५७ वरच्या एकांकिकेसाठी नौपाड्यातल्या टेलरकाकांकडून असे चार कोट शिवून घेतले होते, काका म्हणाले शेपटी कशाला, कापड वाया जातं, पण मी हट्टाने ठेवायला लावली कारण तेव्हा हिंदी शिपायांच्या अंगावर बहुतेक जुनाच कोट होता, छातीवर पांढरे आडवे पट्टे असलेला. कोणी नाटकासाठी शिवणार असाल तर प्लीज सॅटिन नको, जाड लोकरी कापडच घ्या, घाम येतो पण खांद्यावर बसतं मस्त.