मदत हवी आहे: फिटनेस सेंटरमध्ये चॅप्लेन म्हणून बसताना

नमस्कार मंडळी. मी गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चजवळ राहतो. महिनाभर झाला, आमच्या भागातल्या सार्वजनिक फिटनेस सेंटरमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी चॅप्लेन म्हणून विनामोबदला बसतो. आपल्या सैन्यात धर्मगुरू असतात ना, जवानांचं ऐकून घेणारे, तसंच काहीसं. धर्मप्रचार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं.

येणारे बहुतेक हिंदू, काही बौद्ध, मुसलमान. ट्रेडमिलवरून उतरून घाम पुसता पुसता माणूस घरातलं दुखणं बोलून जातो. परवा एक मुलगा म्हणाला, "काका, जगावंसंच वाटत नाही." मी त्याला एकटं सोडलं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिथेच लावून दिला (सरकारी, मोफत, मराठीतही बोलतात). तो बोलला, शांत झाला. मला मात्र रात्रभर झोप नाही.

अशा वेळी घरच्यांना कळवावं, की त्याचा विश्वास जपावा? मला वाटतं जीव आधी, पण अनुभवी माणसांकडून ऐकायचंय. पुण्यात ऐकून घेण्याचं रीतसर प्रशिक्षण मराठीतून कुठे मिळेल? आणि 'चॅप्लेन' शब्दाला लोक बिचकतात. दारावरच्या पाटीवर काय लिहू?