मदत हवी आहे: पेट बाटलीच्या सिम्युलेशनमध्ये भिंतीची जाडी जुळत नाही

१ लिटरची बाटली, २८ ग्रॅमचा प्रीफॉर्म (फुगवण्याआधीची नळीसारखी कच्ची बाटली), टू-स्टेज मशीन (तयार प्रीफॉर्म पुन्हा गरम करून फुगवणारं). प्रीफॉर्म १०५ अंशांवर, प्री-ब्लो (सुरुवातीची कमी दाबाची हवा) ८ बार, फायनल ३६ बार. बाटली कापून मोजली तर खांद्याशी ०.३० मिमी, सिम्युलेशनमध्ये ०.२२, तळाशी मात्र माल साचलेला दिसतो.

मेश (सिम्युलेशनमधली जाळी) बारीक केली, साच्याचं घर्षण बदलून पाहिलं, प्रीफॉर्म लांब ताणणाऱ्या रॉडची वेळ मशीनवरूनच घेतली. काही फरक नाही. मटेरियल मॉडेलमध्ये तापमान आणि ताणाचा वेग दोन्ही आहेत.

माझा संशय प्री-ब्लोवर आहे. मी ८ बार थेट आतल्या भिंतीवर लावलेत. प्रत्यक्षात प्रीफॉर्म फुगू लागला की आतला दाब खाली येतो, कारण हवा तेवढ्या वेगाने आत येत नाही. दाबाऐवजी हवेचा प्रवाह द्यायचा, तर तो मशीनवर मोजायचा कसा? साचा ग्राहकाचा आहे, त्याला सेन्सरसाठी भोक पाडता येणार नाही.