प्लेस्टेशन नेटवर्क २०११ साली तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद होते, तेव्हा परदेशात राहणाऱ्यांनी ते दिवस कसे काढले?

मृण्मयी_रॉटरडॅम

नमस्कार मंडळी. ८ फेब्रुवारी २०२५ च्या शनिवारी सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या खेळांच्या कन्सोलची ऑनलाइन सेवा जवळजवळ पूर्ण दिवस बंद होती, हे इथल्या अनेकांनी अनुभवले असेल. आमच्याकडे मध्यरात्रीनंतर ती बंद पडली आणि शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर परत सुरू झाली. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याचा मावसभाऊ डब्लिनला असतो आणि दोघे दर शनिवारी सकाळी दोन-अडीच तास एकत्र खेळतात. खेळ हे निमित्त आहे, असे मी आई म्हणून म्हणेन, कारण घराबाहेर माझा मुलगा मराठी बोलतो ते फक्त त्या हेडसेटवर. त्या शनिवारी तो दर दहा मिनिटांनी कन्सोल सुरू करून पाहत होता आणि दुपारी त्याने मला विचारले की, ही सेवा तीन आठवडे आली नाही तर काय करायचे. त्याच्या बाबांनी त्याला सांगितले की २०११ साली खरोखरच तसे झाले होते.

आम्ही त्या वेळी भारतात होतो आणि आमच्या घरात कन्सोल नव्हता, त्यामुळे आम्हाला त्याचा अनुभव नाही. जे त्या काळात परदेशात होते आणि खेळत होते, त्यांना मनापासून विचारावेसे वाटते की, ते दिवस तुम्ही कसे काढलेत, कार्ड आणि पासवर्ड यांचे काय केलेत, आणि असे पुन्हा झालेच तर घरात आधीपासून कोणती तयारी असावी?

माळरान

मृण्मयीताई, मी तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकत होतो आणि आम्ही चौघे एका घरात भाड्याने राहत होतो. २० एप्रिल २०११ हा बुधवार होता. संध्याकाळी कन्सोल लावला तर देखभालीचे काम सुरू असल्याचा संदेश येत होता आणि पुढे जाता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी कंपनीने एक-दोन दिवस लागतील असे कळवले, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. शुक्रवारपासून ईस्टरची सलग चार दिवस सुट्टी होती आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी, २९ एप्रिलला, राजघराण्यातल्या विवाहाची सुट्टी आणि तिला जोडून सोमवारची बँक हॉलिडे, म्हणजे पुन्हा चार दिवस. वर्षभर ज्या सुट्ट्यांची वाट पाहिली, त्या दोन्ही नेटवर्क बंद असतानाच आल्या.

मात्र कन्सोल मुका झालेला नव्हता. डिस्कवरचे खेळ चालत होते. त्याच आठवड्यात पोर्टल २ हा खेळ बाजारात आला होता आणि त्यात एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांना मिळून कोडी सोडवता येतात. आमचा टीव्ही एकवीस इंची होता. अर्ध्या पडद्यावर आपला यंत्रमानव, उरलेल्या अर्ध्यावर मित्राचा, आणि अक्षरे वाचण्यासाठी आम्ही पलंग ओढून टीव्हीपासून हातभर अंतरावर आणला होता. शेजारी बसलेल्या माणसाला ‘तिकडे नको, इकडे’ असे हात धरून सांगता येते, ही गोष्ट वर्षभर हेडसेट लावून खेळताना मी विसरून गेलो होतो.

खरी अडचण निराळीच होती. माझा मोठा भाऊ टोरांटोला होता. आमचा फोनवर संपर्क जवळजवळ नव्हताच, कारण शनिवारी रात्री आम्ही एकत्र खेळायचो आणि बोलणे त्यातच होऊन जायचे. सेवा बंद झाल्यावर चौथ्या दिवशी मी त्याला फोन केला. त्या फोनवर मला समजले की आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे आणि तारीखही निघाली आहे. ‘मी सांगणारच होतो, पण आपण खेळत असताना मध्येच कसे सांगणार,’ असे तो म्हणाला. चाळीस मिनिटे बोललो. तुमच्या मुलाच्या बाबतीत उलट दिसते, म्हणजे खेळता खेळता तो बोलतो आणि तेच बोलणे महत्त्वाचे आहे. म्हणून त्या दोघांना खेळाशिवाय बोलण्याचीही एक ठरलेली वेळ असावी, असे मला वाटते.

आणखी एक. आमच्या गटात पोर्तुगालचा एक जण होता. त्याच्या टोपणनावापलीकडे आम्हाला काहीच ठाऊक नव्हते, ना खरे नाव, ना ईमेल. मेच्या मध्यावर सेवा परत आली आणि आमच्या मित्रयादीतली एकेक नावे उजळू लागली, पण त्याचे नाव आठ दिवस विझलेलेच होते. नवव्या दिवशी तो आला तेव्हा आम्ही पहिल्यांदा काय केले, तर एकमेकांचे ईमेल पत्ते घेतले.

तटबंदी

माळरान यांनी माणसांची बाजू चांगली मांडली आहे. मी माहिती-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो आणि तेव्हा जपानमध्ये योकोहामाला होतो, म्हणून सेवा इतके दिवस बंद राहिली ती कशामुळे, याबद्दल थोडे लिहितो, कारण कार्ड-पासवर्डच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

१७ ते १९ एप्रिलच्या दरम्यान सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली आणि ती लक्षात आल्यावर सोनीने २० एप्रिलला संपूर्ण नेटवर्क स्वतःहून बंद केले. हा निर्णय योग्यच होता, असे माझे मत आजही आहे. घरात चोर शिरल्याची शंका असताना दार उघडे ठेवून पाहुणे घेत बसणे कोणी शहाण्याने करू नये. परंतु खातेधारकांची वैयक्तिक माहिती गेली आहे, हे लोकांना कळले ते २६ एप्रिलला. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, लॉगिन आणि पासवर्ड, अशी ही माहिती होती आणि खाती होती ७ कोटी ७० लाख. नुकसानीचा खरा आवाका बाहेरच्या तज्ज्ञांच्या तपासानंतर २५ तारखेला समजला, असे कंपनीचे स्पष्टीकरण होते. तपासाला वेळ लागतो, हे मी या व्यवसायात असल्यामुळे जाणतो. तरीही ‘तुमचा पासवर्ड कदाचित गेला आहे, इतरत्र तोच वापरत असाल तर आजच बदला’ एवढे एक वाक्य पहिल्या दोन दिवसांत सांगता आले असते, आणि ते न सांगणे मला खेळ बंद असण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जानेवारी २०१३ मध्ये या प्रकरणी अडीच लाख पौंडांचा दंड केला, तो सुरक्षेतल्या त्रुटींसाठी होता.

१ मे रोजी टोकियोत पत्रकार परिषद झाली आणि सोनीच्या खेळ विभागाचे प्रमुख काझुओ हिराई व त्यांचे दोन सहकारी माफी मागत उभे राहून वाकले. ती आम्ही कार्यालयातल्या एका मित्राच्या घरी टीव्हीवर पाहिली. मार्चमधल्या भूकंपाला दोन महिनेही झाले नव्हते आणि वीज जपून वापरायची म्हणून खोलीतले दिवे बंद होते. त्या परिषदेत असेही सांगण्यात आले की, घुसखोरांनी वापरलेली त्रुटी माहितीतली होती, मात्र ती आपल्या यंत्रणेत आहे हे व्यवस्थापनाच्या ध्यानात आले नव्हते. म्हणजे जुने छिद्र बुजवून भागणार नव्हते. यंत्रणा नव्याने उभारायची, माहिती केंद्र दुसरीकडे हलवायचे, देखरेखीची साधने वाढवायची, असे ते काम होते. त्यातच २ मे रोजी संगणकावरील खेळांच्या सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या शाखेचीही २ कोटी ४६ लाख खाती धोक्यात आल्याचे जाहीर झाले.

अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात १४-१५ मेपासून टप्प्याटप्प्याने सेवा सुरू झाली. आम्हाला जपानमध्ये २८ मेपर्यंत थांबावे लागले आणि सगळ्या सोयी परत मिळाल्या त्या ६ जुलैला, कारण सुरक्षेची खात्री पटल्याशिवाय परवानगी देण्यास तिथले सरकार तयार नव्हते. पण जपानी खेळाडूंचे मार्ग पाहण्यासारखे होते. मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड हा खेळ त्या वेळी तिथे प्रचंड लोकप्रिय होता. हातातल्या पीएसपी यंत्रांची एकमेकांशी थेट बिनतारी जोडणी होते आणि तिला नेटवर्क लागत नाही. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या ‘गोल्डन वीक’ या सलग सुट्टीत स्थानकाजवळच्या खाणावळीत चार-चार जण एका टेबलाभोवती यंत्रे घेऊन बसलेले मी पाहिले. जी गोष्ट जालावरून व्हायची, ती आता समोरासमोर होत होती. चार जणांच्या त्या टोळीत पाचवा म्हणून वाट पाहत उभ्या असलेल्या शाळकरी मुलाला त्यांच्यातल्या एका मध्यमवयीन माणसाने आपली जागा दिली, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

पासवर्डबद्दल एक तपशील सांगतो. सेवा सुरू झाल्यावर प्रत्येकाला पासवर्ड बदलणे सक्तीचे होते आणि तो आपल्याच कन्सोलवरून किंवा ईमेलवरून बदलायचा होता. १८ मे रोजी पासवर्ड बदलण्याचे संकेतस्थळावरचे पान बंद करावे लागले, कारण ईमेल आणि जन्मतारीख ठाऊक असेल तर दुसऱ्याचा पासवर्ड बदलता येईल अशी चूक त्यात निघाली, आणि नेमकी हीच माहिती आधी चोरीला गेलेली होती. जन्मतारीख ही गुप्त गोष्ट नव्हे, हे मी तेव्हापासून घरच्यांना सांगत आलो आहे.

निवडुंग

मी आणि माझे पती तेव्हा मेलबर्नमध्ये होतो. खेळणारे ते, पण खात्याला जोडलेले क्रेडिट कार्ड माझे होते, म्हणून धावपळ माझी झाली. कार्डांचे क्रमांक सांकेतिक रूपात होते आणि मागचा तीन आकडी क्रमांक नेटवर्कमध्ये साठवलेलाच नव्हता, असे जाहीर झाले होते. तरीही मी २८ तारखेला बँकेला फोन केला. बराच वेळ रांगेत थांबल्यावर कार्ड बदलून मिळेल असे सांगण्यात आले आणि आठवड्याभरात नवे आलेही. माझी चूक पुढे झाली. घरच्या इंटरनेटचे मासिक बिल त्याच जुन्या कार्डावर लावलेले होते आणि ते मी साफ विसरले. जूनमध्ये एका सकाळी जोडणी तुटली, तेव्हा लक्षात आले. म्हणून कार्ड बदलण्याआधी त्याच्यावर कोणकोणती बिले लावलेली आहेत, हे कागदावर लिहून काढावे. त्यानंतर आम्ही खेळांच्या कोणत्याही खात्याला कार्ड जोडलेले नाही. दुकानातून ठरावीक रकमेचे व्हाउचर आणतो आणि तेवढेच भरतो.

तयारीबद्दल विचारले आहे, तर एक गोष्ट आवर्जून सांगते. २०११ साली काही मोजके खेळ असे होते की डाउनलोड केलेले असूनही सुरू होताना नेटवर्कवर ओळख पटवावी लागे, आणि पैसे भरूनही ते तीन आठवडे उघडत नव्हते. आता तर बहुतेक खेळ डाउनलोड करूनच घेतले जातात. प्लेस्टेशन ५ (पीएस५) च्या सेटिंग्जमध्ये वापरकर्ते आणि खाती या भागात ‘कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले’ अशी सोय आहे; ती तुमच्या घरच्या कन्सोलवर सुरू असेल तर विकत घेतलेले खेळ नेटवर्क नसतानाही उघडतात. पीएस४ वर हेच काम ‘प्रायमरी’ कन्सोल ठरवून होते. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी ज्यांचे हे सेटिंग बंद होते, त्यांना स्वतःचेच खेळ उघडता आले नाहीत. हे नेटवर्क चालू असतानाच करून ठेवावे लागते. शिवाय दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

भरपाईची अपेक्षा मात्र फारशी ठेवू नये. २०११ साली पाचांपैकी दोन खेळ निवडायला मिळाले होते आणि ‘प्लस’ या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाचे तीस दिवस. या वेळी प्लस सदस्यांना पाच दिवस वाढवून मिळाले आहेत. आमच्या घरी त्या मोफत खेळांतला लिटलबिगप्लॅनेट मीच खेळू लागले आणि पुढे दोन वर्षे खेळत होते, हे इथे कृतज्ञतेने नोंदवते.

मृण्मयी_रॉटरडॅम

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून ही सगळी चर्चा वाचून दाखवली. खाणावळीतल्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या मुलाचा प्रसंग त्याने मला दोनदा वाचायला लावला.

निवडुंगताईंनी सांगितलेले सेटिंग आमच्याकडे बंदच होते. ते सुरू केले, मग राउटरची तार काढली आणि एकेक खेळ उघडून पाहिला. अकरांपैकी आठ उघडले. उरलेले तीन मुळातच ऑनलाइन खेळायचे आहेत, त्यामुळे ते उघडणार नव्हतेच, आणि त्यातलाच एक दोघांच्या शनिवारचा खेळ आहे. म्हणून बहिणीला फोन केला. दोन्ही मुलांनी मिळून ठरवले आहे की, नेटवर्क नसेल त्या शनिवारी दहा वाजता साधा फोन करायचा. माझ्या मुलाला डब्लिनचा नंबर पाठ नव्हता. आता तो कन्सोलच्या मागे चिकटपट्टीने लावून ठेवलेल्या चिठ्ठीवर आहे, देशाच्या क्रमांकासकट, त्याच्याच देवनागरी अक्षरात.